गाव कुठलं तुमचं? रॉबर्ट फ्रँकचा अमेरिकेतला रोड ट्रिप

(या भागाचा लिखित मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे, पण बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग एका प्रश्नाने सुरू करतो. एसटीत शेजारी कुणी बसलं की दहाव्या मिनिटाला तो येतोच. "गाव कुठलं तुमचं?"

मी पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलो. आई-वडील लातूरकडचे. त्यामुळे मला या प्रश्नाचं उत्तर देताना नेहमी अर्धा सेकंद लागतो. चिंचवड म्हटलं की समोरचा म्हणतो, "नाही, मूळचे कुठले?" आणि लातूर म्हणावं, तर तिथे मी वर्षातून चार दिवस जातो, तिथली चुलत भावंडं मला "पुणेकर" म्हणतात. तुमच्यापैकी अनेकांचं हेच असणार, मला माहीत आहे.

बहुतेक वेळा हा प्रश्न प्रेमानेच विचारला जातो. ओळख निघावी, दोन शब्द बोलता यावेत म्हणून. पण कधीकधी तोच प्रश्न वेगळ्या आवाजात येतो.

मागच्या हिवाळ्यात मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र बाइकवरून हंपीला निघालो होतो. पहाटेची वेळ, धुकं, आणि एका नाक्यावर आम्हाला थांबवलं. अजून आपल्याच राज्यात होतो, बरं का. माझं लायसन्स बघितलं, परत दिलं. मित्राचं लायसन्स बघितलं, नाव वाचलं, आणि ते हातातच राहिलं. मग प्रश्न. कुठून आलात, कुठे चाललात, राहणार कुठे, बॅगेत काय आहे, मूळचे कुठले? आम्ही दोघं एकाच शाळेतले, एकाच गल्लीतले. मला एक प्रश्न, त्याला वीस मिनिटं. शेवटी सोडलं. पुढच्या टपरीवर चहा घेताना तो एवढंच म्हणाला, "सवय आहे रे."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एका जुन्या प्रवासाची गोष्ट घोळते आहे. तीच आज सांगणार आहे. १९५५ सालची अमेरिका, एक जुनी फोर्ड गाडी, एक छोटा कॅमेरा, आणि आठ वर्षांपूर्वी त्या देशात आलेला एक माणूस. नाव रॉबर्ट फ्रँक.

कागदावर देशच नसलेला मुलगा

रॉबर्टचा जन्म १९२४ चा, स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरातला. घर खाऊन-पिऊन सुखी, धर्माने ज्यू. वडील मूळचे जर्मनीतल्या फ्रँकफर्टचे, पहिल्या महायुद्धानंतर झुरिकला येऊन स्थायिक झालेले. आता गंमत बघा. मुलगा झुरिकमध्ये जन्मला, झुरिकमध्ये वाढला, तिथली भाषा बोलला. पण वडिलांमुळे कागदावर तो जर्मन.

मग हिटलर आला. नोव्हेंबर १९४१ मध्ये नाझी सरकारने एक फर्मान काढलं, की जर्मनीबाहेर राहणाऱ्या ज्यू लोकांचं जर्मन नागरिकत्व रद्द. एका सहीने. आदल्या रात्री तुम्ही झोपलात तेव्हा एका देशाचे नागरिक होतात, आणि सकाळी उठलात तर कुठल्याच देशाचे नाही.

सीमेपलीकडे काय चाललं होतं हे आज आपल्याला माहीत आहे. स्वित्झर्लंड तटस्थ होता म्हणून हे कुटुंब वाचलं. पण जर्मन सैन्य कधीही आत घुसेल ही भीती घरात रोज होती. रॉबर्ट आणि त्याच्या भावाने स्विस नागरिकत्वासाठी अर्ज केला. ते मिळालं १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता. म्हणजे ज्या शहरात जन्म झाला, त्या शहराचा अधिकृत माणूस व्हायला त्याला वीस वर्षं लागली.

त्या काळात तो फोटोग्राफी शिकत होता. आणि १९४७ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षात, बोटीने न्यूयॉर्कला निघाला.

इथे एक तुलना करायलाच हवी, कारण ती आपल्याशी जोडलेली आहे. त्या काळी अमेरिकेत कोण येऊ शकतो हे देशाप्रमाणे ठरायचं. प्रत्येक देशाला कोटा. स्वित्झर्लंडसारख्या छोट्याशा देशाचा कोटा भारताच्या कितीतरी पट मोठा होता. भारताचा किती? वर्षाला १००. हो, शंभर माणसं, आणि तेही १९४६ च्या कायद्याने दिलेले. त्याआधी तर भारतीयांना अमेरिकन नागरिक होणं जवळपास अशक्य होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद नावाचे एक गृहस्थ, जे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, ते यासाठी सर्वोच्च न्यायालयात लढले. कोर्टाने सांगितलं की कायद्याच्या अर्थाने तुम्ही "गोरे" नाही, त्यामुळे नागरिकत्व नाही. देशासाठी वर्दी घातली होती, तरी नाही.

तेव्हा रॉबर्टची गोष्ट ऐकताना हे लक्षात ठेवा. तो परका होता, पण गोरा परका होता. पुढे याचा संबंध येणार आहे.

३,६०० डॉलर आणि एक सेकंडहँड फोर्ड

न्यूयॉर्कमध्ये रॉबर्टला फॅशन मासिकात काम मिळालं. हार्पर्स बझार. चपला, पर्स, दागिने यांचे फोटो. पैसे बरे, पण माणूस कंटाळला. युरोपला गेला, पेरूला गेला, लंडनच्या धुक्यात फोटो काढले, परत आला. लग्न झालं, मेरी नावाच्या चित्रकार मुलीशी. दोन मुलं झाली, पाब्लो आणि अँड्रिया. ही नावं लक्षात ठेवा, पुढे पोलिसांना त्यांचाही त्रास होणार आहे.

अमेरिकेत गुगेनहाइम फेलोशिप नावाची एक मोठी शिष्यवृत्ती आहे. रॉबर्टने अर्ज केला. विषय साधा होता. या देशात आलेल्या एका माणसाला हा देश कसा दिसतो, ते गाडीने फिरून टिपायचं. त्याच्या पाठीशी वॉकर इव्हान्स हा थोर अमेरिकन फोटोग्राफर उभा राहिला. १९५५ च्या वसंतात शिष्यवृत्ती मिळाली, ३,६०० डॉलर, एका वर्षासाठी. पुढच्या वर्षी ती वाढवूनही मिळाली.

रॉबर्टने एक जुनी फोर्ड घेतली, १९५० चं मॉडेल. हातात ३५ मिलिमीटरचा लायका कॅमेरा. लायका म्हणजे त्या काळचा मोबाइल कॅमेरा म्हणा ना! छोटा, हलका, खिशातून काढला की क्लिक. मोठा स्टँड नको, फ्लॅश नको, "जरा इकडे बघा, हसा" नको.

त्या काळचे रस्तेही वेगळे होते. आज अमेरिका म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते आठ पदरी हायवे तेव्हा नव्हते. त्यांचा कायदा झाला जून १९५६ मध्ये, ४१,००० मैलांचं जाळं बांधायचं ठरलं, तेव्हा रॉबर्टचा प्रवास संपत आला होता. तो फिरला जुन्या रस्त्यांवरून, जे प्रत्येक गावाच्या मधून जायचे. यूएस ६६, यूएस ९०, यूएस २८५. आपल्याकडे बायपास होण्याआधी मुंबई-गोवा रस्ता जसा प्रत्येक बाजारपेठेतून जायचा, तसं. गाव टाळता येत नव्हतं. म्हणून माणसंही टाळता येत नव्हती.

पहिला मोठा मुक्काम डेट्रॉइट. फोर्ड कंपनीचा रिव्हर रूज कारखाना. एका टोकाला कच्चं लोखंड आत जायचं आणि दुसऱ्या टोकाला गाडी बाहेर पडायची, असं ते अवाढव्य प्रकरण. जाहिरातीत चकाचक गाडी असते. रॉबर्टने टिपली ती गाडी बनवणारी माणसं, उकाड्यात, गोंगाटात, घामाघूम.

मॅकगीहीची दुपार

आता गोष्टीचा मधला गाभा.

७ नोव्हेंबर १९५५. आर्कान्सा राज्य, मॅकगीही नावाचं छोटं गाव, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. रॉबर्ट एकटाच गाडी चालवत होता. राज्य पोलिसांनी थांबवलं.

संशय कशाचा? गाडीला न्यूयॉर्कची नंबर प्लेट. माणूस अस्ताव्यस्त, दाढी वाढलेली, बरेच दिवस आंघोळ नसावी असा. गाडीत ट्रंका, पेट्या आणि चक्क अनेक कॅमेरे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बोलण्यात परदेशी हेल.

१९५५ सालचा हेल कसा ऐकला जायचा हे समजून घ्यायला हवं. शीतयुद्धाचे दिवस. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी काही वर्षं देशभर कम्युनिस्ट शोधण्याचा धुमाकूळ घातला होता. डिसेंबर १९५४ मध्ये खुद्द सिनेटने त्यांची निंदा केली, त्यांचा जोर ओसरला. पण भीती? भीती ठराव करून जात नाही. गावोगावच्या चौक्यांत ती बसलेलीच होती.

रॉबर्टला चौकीत नेलं, गजाआड बसवलं. तू कम्युनिस्ट आहेस का? हे फोटो कुणासाठी काढतोस? मुलांची नावं अशी परदेशी का ठेवलीस? त्याने शिष्यवृत्तीचं पत्र दाखवलं, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. तासन्‌तास ही चौकशी चालली. बोटांचे ठसे घेतले. रात्री उशिरा सोडलं.

मंडळी, जरा त्याच्या जागी बसून बघा. वडिलांच्या धर्मामुळे नागरिकत्व गमावलेला मुलगा. भीतीपासून दूर, मोकळ्या देशात आलेला. आणि त्या मोकळ्या देशात एक गणवेशातला माणूस त्याला विचारतोय, तुझ्या पोरांची नावं अशी का?

आपल्याला हे नवं आहे का? आपल्या भाषेत "उपरा" हा शब्द आहे. लक्ष्मण माने यांच्या १९८० सालच्या आत्मकथनाचं नावच ते आहे. भटक्या कैकाडी समाजात जन्मलेल्या माणसाची ती कहाणी. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. गावात पाल पडलं की पोलीस पाटलाकडे हजेरी. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण नजर रद्द व्हायला फार वेळ लागतो, आणि तो आजही लागतोच आहे. उपरा म्हणजे बाहेरून आलेलाच असतो असं नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथलाच असून ज्याला रोज "मूळचा कुठला" हे सिद्ध करावं लागतं, तोही उपराच.

पाच खिडक्या

मॅकगीहीनंतर काही दिवसांतच रॉबर्ट न्यू ऑर्लिन्सला पोहोचला. कॅनाल स्ट्रीट हा तिथला मुख्य रस्ता. एक मिरवणूक चालली होती, तो तिचे फोटो काढत होता. काढता काढता वळला. मागून ट्राम जात होती. क्लिक.

हा फोटो तुम्ही पाहिला असेल, नसेल तर आज नक्की शोधा. ट्राम बाजूने दिसते. रांगेने खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत एक चौकट. पुढच्या खिडकीच्या काचेआड एक गोरा चेहरा, पुसट. मग एक गोरी बाई, नजर कडक. मधल्या खिडकीत दोन गोरी मुलं, छान कपडे घातलेली. त्याच्या मागे एक कृष्णवर्णीय माणूस, कामगाराच्या शर्टात, हात खिडकीवर, थेट कॅमेऱ्यात बघणारा. आणि शेवटी एक कृष्णवर्णीय बाई.

कुणी त्यांना त्या क्रमाने बसवलं नव्हतं. म्हणजे, फोटोसाठी नव्हतं बसवलं. कायद्याने बसवलं होतं. दक्षिणेतल्या राज्यांत गोऱ्यांनी पुढे, काळ्यांनी मागे. न्यू ऑर्लिन्सच्या ट्राममध्ये ही सीमा दाखवणाऱ्या पाट्या होत्या, त्या सरकवता यायच्या. गोरे प्रवासी वाढले की पाटी मागे.

आणि हेच ते शहर बरं का, जिथे १८९२ मध्ये होमर प्लेसी नावाचा माणूस ठरवून गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसला आणि अटक करून घेतली. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १८९६ चा निकाल काय? वेगळं ठेवा, पण समान ठेवा, म्हणजे झालं. "वेगळं" लगेच अमलात आलं. "समान" आलंच नाही. १९५४ मध्ये शाळांच्या बाबतीत न्यायालयाने हे तत्त्व मोडीत काढलं. पण न्यू ऑर्लिन्सच्या ट्राममधली पाटी हलली ती १९५८ मध्ये.

रॉबर्टने हा फोटो काढला नोव्हेंबर १९५५ मध्ये. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या शिकागोहून पाहुणा आलेल्या कृष्णवर्णीय मुलाचा निर्घृण खून झाला, आणि सप्टेंबरमध्ये आरोपी निर्दोष सुटले. आणि फोटोनंतर काही आठवड्यांनी, १ डिसेंबरला, शेजारच्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला. तिथून पुढचं आंदोलन आपल्याला माहीत आहे. ट्रामच्या त्या मागच्या खिडकीतल्या माणसाची नजर आज बघितली की वाटतं, पुढे काय होणार हे त्याच्या चेहऱ्यावर आधीच लिहिलं होतं.

आता मघाशी म्हटलं होतं, रॉबर्ट गोरा होता हे लक्षात ठेवा. मॅकगीहीत त्याला रात्री सोडलं. त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, न्यूयॉर्कच्या नंबर प्लेटची गाडी घेऊन एखादा कृष्णवर्णीय माणूस असता तर? त्या काळात कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी एक वेगळी मार्गदर्शिकाच छापली जायची, "ग्रीन बुक". न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या पोस्टमनने ती १९३६ मध्ये सुरू केली. कुठल्या गावात कुठल्या घरी मुक्कामाला जागा मिळेल, कुठे जेवता येईल, कुठे गाडी दुरुस्त होईल, याची यादी. आपण रेटिंग बघून हॉटेल निवडतो. ते लोक जीव वाचेल का, हे बघून हॉटेल निवडायचे. तेही त्यांच्या स्वतःच्या देशात, जिथे त्यांच्या दहा-दहा पिढ्या राबल्या होत्या.

म्हणजे बघा, रॉबर्ट नवा होता तरी बऱ्याच दारांतून आत जाऊ शकत होता. जे जुने होते, त्यांना दार बंद होतं. माझ्या मते याचं भान त्याच्या फोटोंत आहे. चार्ल्स्टनमधला एक फोटो आहे. एक कृष्णवर्णीय दाई भिंतीला टेकून उभी आहे, कडेवर गोरंपान बाळ. तिच्या चेहऱ्यावर दुसरीकडेच लागलेली नजर. ज्या मुलाला ती वाढवते आहे, तो मोठा झाला की बसमध्ये पुढे बसणार आणि ती मागे. फोटोत यातलं काहीही लिहिलेलं नाही. पण दिसतं.

२७,००० मधून ८३

डिसेंबरमध्ये टेक्सासात मेरी आणि मुलं येऊन मिळाली. सगळे मिळून लॉस एंजेलिसला गेले, काही महिने तिथे राहिले. मग वसंतात मेरी आणि मुलं परतली आणि रॉबर्ट एकटाच उत्तरेकडून फिरत न्यूयॉर्कला आला. नेवाडा, युटा, आयडाहो, मोंटाना, शिकागो.

हिशेब ऐका. एकूण ७६७ रोल. एका रोलमध्ये ३६ फोटो. म्हणजे २७,००० च्या वर. तुमच्या गॅलरीतही तेवढे असतील, पण इथे प्रत्येक क्लिकला पैसे पडत होते आणि रोल धुईपर्यंत काय आलं ते कळत नव्हतं. त्यातून त्याने सुमारे हजार प्रिंट काढल्या, भिंतीवर लावल्या, जमिनीवर पसरल्या. जवळजवळ वर्षभर निवड चालली. शेवटी उरले ८३. साधारण सव्वातीनशे फोटोंमागे एक!

पुस्तक आधी पॅरिसमध्ये निघालं, १९५८ मध्ये, रॉबेर देल्पीर यांनी काढलं. अमेरिकेत निघालं त्यानंतर, ग्रोव्ह प्रेसकडून. नाव "द अमेरिकन्स". मुखपृष्ठावर तीच ट्राम. प्रस्तावना जॅक केरूअॅक या लेखकाची, ज्याची रस्त्यावरच्या भटकंतीची कादंबरी १९५७ मध्ये गाजली होती. आणि केरूअॅक कोण? कॅनडातून आलेल्या फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबातला मुलगा, ज्याची पहिली भाषा इंग्रजी नव्हती. अमेरिकेच्या रस्त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध वर्णन कुणी केलं, तर एका स्थलांतरितांच्या पोराने आणि एका स्थलांतरिताने.

पुस्तकाचं स्वागत कसं झालं? फोटोग्राफीच्या एका मोठ्या मासिकात समीक्षकांनी झोडपून काढलं. फोटो हललेले आहेत, अंधारलेले आहेत, क्षितिज तिरकं आहे, हा माणूस या देशाचा द्वेष करतो. सुरुवातीला पुस्तक जेमतेम हजारभर खपलं.

द्वेष? हा आरोप मला नीट तपासावासा वाटतो, कारण तो आजही जशाच्या तसा वापरला जातो. घरातल्या माणसाने भिंतीतली ओल दाखवली की त्याला म्हणायचं, तुझं घरावर प्रेम नाही. आणि बाहेरून आलेल्याने दाखवली तर मग बघायलाच नको. "आवडत नसेल तर परत जा."

पण जो द्वेष करतो, तो हजारो मैल गाडी चालवत लोकांच्या जवळ जात नाही. तो गावातल्या अंत्ययात्रेच्या कडेला उभा राहत नाही, ज्यूकबॉक्सशेजारी लोळणाऱ्या तान्ह्या बाळासाठी वाकत नाही. रॉबर्टला जाहिरातीतली अमेरिका दिसली नाही, हे खरं. त्याला लिफ्ट चालवणारी एकटी मुलगी दिसली, हायवेवरच्या अपघातानंतर थांबलेली माणसं दिसली. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टेकडीवर बसलेलं एक कृष्णवर्णीय जोडपं दिसलं. त्यांनी मागे वळून त्याच्याकडे असं रागाने बघितलं, की "तू कोण आमचे फोटो काढणारा?" हा फोटो त्याचा स्वतःचा फार आवडता. का असेल? मला वाटतं, कारण त्यात तोच पकडला गेला होता. आयुष्यभर इतरांनी त्याला "तू कोण" विचारलं, आणि इथे तोच कुणाच्या तरी अंगणात न विचारता शिरला होता. स्वतःला उपरं वाटणं हे दुसऱ्याच्या खासगी क्षणात घुसायचं लायसन्स नाही. त्याने तो राग लपवला नाही, पुस्तकात ठेवला.

झेंडा आणि गाडी

पुस्तकातला पहिला फोटो आणि शेवटचा फोटो, एवढं सांगून थांबतो.

पहिला फोटो होबोकेनचा, न्यू जर्सी. मिरवणुकीचा दिवस. विटांची भिंत, दोन खिडक्या, दोन बायका. वरून अमेरिकेचा झेंडा फडकतोय, आणि वाऱ्यावर तो असा आलाय की एका बाईचा चेहराच त्याच्यामागे गेलाय. देशाचा झेंडा दिसतो, देशातलं माणूस दिसत नाही. पुढे पुस्तकभर झेंडा पुन्हा पुन्हा येतो.

हे होबोकेन आपल्याला अनोळखी नाही. शेजारी जर्सी सिटी. आज तिथे डोसे मिळतात, वडापाव मिळतो, आणि तुमच्यापैकी कुणाचा दादा किंवा ताई तिथून रोज मॅनहॅटनला ट्रेनने जात असेल. ऑक्टोबर १९६५ मध्ये अमेरिकेने देशवार कोट्याची जुनी पद्धत बदलली, म्हणून आपली माणसं तिथे मोठ्या संख्येने पोहोचली. पण १९८७ मध्ये याच भागात भारतीयांना लक्ष्य करणारी एक टोळी उभी राहिली. नाव "डॉटबस्टर्स". डॉट म्हणजे आपल्या आया-बहिणींच्या कपाळावरची टिकली. त्या सप्टेंबरमध्ये, याच होबोकेनच्या रस्त्यावर, एका भारतीय तरुणाला जमावाने मारहाण केली, आणि काही दिवसांनी तो गेला. रॉबर्टच्या फोटोनंतर तीस-बत्तीस वर्षांनी. झेंड्याआड गेलेला चेहरा म्हणजे काय, हे मला तो फोटो आणि ही घटना शेजारी ठेवल्यावर कळलं.

आणि शेवटचा फोटो. टेक्सास, यूएस ९०, डेल रिओकडे जाणारा रस्ता. तीच फोर्ड गाडी रस्त्याच्या कडेला उभी, अर्धीच चौकटीत. आत मेरी, दमलेली, आणि तिला बिलगलेलं मूल. बास. "अमेरिकन्स" नावाच्या पुस्तकाचं शेवटचं पान म्हणजे त्याचं स्वतःचं कुटुंब, ज्या मुलांच्या नावांवर मॅकगीहीच्या पोलिसांना शंका आली होती तीच मुलं. मी हा फोटो असा वाचतो, की त्याने कुणाची परवानगी मागितली नाही. आपल्या माणसांना त्या यादीत शेवटी बसवलं आणि पुस्तक मिटलं.

रॉबर्ट फ्रँक १९६३ मध्ये अमेरिकन नागरिक झाला. पुढे सिनेमाकडे वळला. १९७० च्या सुमाराला कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात, समुद्राकाठच्या माबू गावात त्याने घर केलं. आयुष्य सोपं नव्हतं, दोन्ही मुलं त्याच्या हयातीतच गेली. आणि ज्या देशाच्या पोलिसांनी त्याच्या बोटांचे ठसे घेतले, त्याच देशाच्या वॉशिंग्टनमधल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने त्याचं काम जपून ठेवलं, आणि २००९ मध्ये त्या पुस्तकाच्या पन्नाशीचं मोठं प्रदर्शन भरवलं. सप्टेंबर २०१९ मध्ये, ९४ व्या वर्षी, तो नोव्हा स्कॉशियात वारला.

मग त्याचं गाव कुठलं? झुरिक, न्यूयॉर्क, की माबू? मला वाटतं याचं उत्तर द्यायची जबाबदारी त्याच्यावर नव्हतीच.

हंपीच्या त्या ट्रिपचे फोटो परवा बघत होतो. विरूपाक्ष मंदिराचे, तुंगभद्रेचे, दगडांचे, सगळे छान आहेत. पण मला सगळ्यात जास्त आवडला तो टपरीवरचा. धुक्यात बाइक उभी आहे, आणि मित्र चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून रस्त्याकडे बघतोय. तो मी त्याला न विचारता काढला होता. आता त्याला पाठवून विचारलं, "हा भागासोबत टाकू का?" त्याने लिहिलं, "नको. पण गोष्ट सांग." म्हणून फोटो नाही. गोष्ट सांगितली.

तुम्हाला कुणी कधी वेगळ्या आवाजात "मूळचे कुठले" विचारलं असेल, किंवा तुम्हीच कुणाला विचारलं असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. दुसऱ्या प्रकारची पाठवायला जास्त हिंमत लागते, मला माहीत आहे. पुढच्या भागात भेटू. गाडी जपून चालवा.